मेहनतीलाही वाफसा लागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वडिलांची पंधरा वर्षांची मुलगी दीड वर्षापासून सकाळ-संध्याकाळ पळते, आठवड्याचे सातही दिवस. १५०० मीटरचं तिचं टायमिंग गेले आठ महिने ५ मिनिटं २० सेकंदांवर अडकलंय. तालुक्यातलीच दुसरी एक मुलगी आठवड्यातून चारच दिवस ग्राउंडवर दिसते आणि हिला सहज मागे टाकते. सगळे सांगतात, मेहनत वाढवा. घरी शेती आहे, पैशाची ओढाताण आहे, तरी वडील हवं ते करायला तयार आहेत. त्यांचं विचारणं असं: अजून किती वाढवायची? आणि खेळातलं यश मेहनतीचं असतं की जन्मतःच मिळालेलं?

मी स्वतः १५०० आणि ३००० मीटर पळायचे. गेली २६ वर्षं सातारा जिल्ह्यात मधल्या आणि लांब पल्ल्याच्या मुलामुलींना शिकवते. म्हणून आधी सरळ उत्तर देते: मेहनत वाढवू नका. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या लेकीच्या मेहनतीत काही कमी आहे असं तुमच्या लिहिण्यात मला कुठेही दिसलं नाही. कमी आहे ती तयारी, आणि या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून तुमच्याच शब्दांत सांगते. पाणी दिलेल्या रानात त्याच दिवशी औत घातलं तर काय होतं? चिखल तुडवला जातो, मागे ढेकळं निघतात आणि पुढचा सगळा हंगाम ते रान दुरुस्त होत नाही. बैल तेच, माणूस तोच, घामही तेवढाच. तरी काम वाया. वाफसा, म्हणजे जादा ओल ओसरून रान मशागतीजोगं होणं, त्याची वाट बघणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही, जाणता म्हणतो. शरीराचंही तसंच आहे. कडक सरावानंतर स्नायूंना बारीक इजा झालेली असते, त्यांत साठवलेली साखर संपलेली असते. ते भरून यायला एक ते दोन दिवस लागतात, आणि भरून येताना शरीर आधीपेक्षा थोडं जास्त बांधून ठेवतं. तेवढ्या थोड्यासाठीच तर आपण पळतो. ते बांधून होण्याआधीच दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच कडक सराव केला की शरीर फक्त डागडुजी करत राहतं.

आता तिचा रोजचा सराव. तुम्ही लिहिलंय की सकाळी ती भरतीच्या पोरांच्या बॅचबरोबर रस्त्यावर पळते. हे चित्र मला चांगलं माहीत आहे. पहाटे पाचला प्रत्येक तालुक्याच्या रस्त्यावर हीच पोरं असतात, पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी जीव तोडून पळणारी. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांची दमवणारी चाल पंधरा वर्षांच्या मुलीने रोज धरली तर तिची रोजच शर्यत होते. हळू पळायच्या दिवशी ती जोरात पळते, मग जोरात पळायच्या दिवशी पायांत काही उरत नाही. सगळे दिवस मधल्याच चालीचे होतात. आठ महिने टायमिंग अडकणाऱ्या दहा मुलांपैकी सात-आठ जणांचं कारण माझ्या अनुभवात हेच निघालं आहे.

हळू पळणं म्हणजे वेळ घालवणं नाही. शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा चालीत ४० मिनिटं पळताना हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, प्राणवायू वापरणारी पेशींतली यंत्रणा वाढते. दमसास म्हणतात तो हाच. तो आठवड्यांत येत नाही, महिन्यांनी आणि वर्षांनी येतो. हाडं आणि कंडरा तर त्याहून सावकाश तयार होतात. पोरांचा दम आधी वाढतो, त्यांना वाटतं आता कितीही पळू शकतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते.

यात माझी एक चूक आहे आणि ती लपवून हे उत्तर लिहिणं बरोबर होणार नाही. शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक मुलगी होती, तुमच्या लेकीएवढीच आणि अशीच कष्टाळू. तिचं टायमिंग थांबलं तेव्हा मी राऊंड वाढवले. ती म्हणाली नडगी दुखते, मी म्हटलं सवय होईल. तीन आठवड्यांनी ती जिना उतरू शकत नव्हती. एक्स-रेत हाडाला चीर निघाली. हाड सांधलं, पण तिच्या घरच्यांनी तिला पुन्हा ग्राउंडवर पाठवलं नाही आणि मला त्यांना काही सांगायला तोंड नव्हतं. तेव्हापासून दुखणं एकाच जागी असेल, बोटाने दाबून दाखवता येत असेल, तर त्या दिवशी माझ्याकडे पळणं बंद. यात मी कोणाचं ऐकत नाही.

आता, मेहनतीचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्या धावपटू अविनाश साबळेबद्दल. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा हा मुलगा. प्रत्येक सत्कारात त्याच्या गरिबीची आणि कष्टाची गोष्ट सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनमध्ये आणि राजस्थानात राहिला. पण बर्फात आणि वाळवंटात नोकरी करणारे जवान हजारो आहेत. त्याचं वेगळेपण मला दिसतं ते त्याच्या टायमिंगच्या ओळीत. सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत तो उतरला २०१५ मध्ये, वीस-एकवीस वर्षांचा असताना. नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीकडे वळला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंद काढून त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत ८:२१.३७. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

भुवनेश्वर ते पॅरिस जवळपास सहा वर्षं, आणि सुधारणा २० सेकंदांची. म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. पूर्णवेळ सराव, प्रशिक्षक, नंतर अमेरिकेत उंचावरच्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये राहून केलेला सराव, एवढं सगळं मिळून सहा वर्षांत २० सेकंद. आठ महिन्यांत काही झालं नाही म्हणून तुम्ही कासावीस झालात, ते मला समजतं. पण ही ओळ एकदा कागदावर लिहून भिंतीला लावा.

त्यात आणखी एक बघण्यासारखं आहे. टोकियोत त्याने राष्ट्रीय विक्रम मोडला आणि तरीही अंतिम फेरीत पोचला नाही. दोन वर्षांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते ८:१९.५० मध्ये, स्वतःच्या तेव्हाच्या सर्वोत्तमापेक्षा आठ सेकंद हळू. पदक आणि टायमिंग बरोबरीने चालत नाहीत, त्याच्या पातळीवरही नाही. तालुक्याच्या स्पर्धेत कोण पुढे गेलं यावरून मुलीची प्रगती मोजू नका.

स्टीपलचेसचंच उदाहरण घेतलं याला कारण आहे. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात, मिळून ३५. प्रत्येक अडथळ्याआधी पाऊल अडखळून सेकंदाचा दहावा हिस्सा जरी गेला तरी शर्यतीत साडेतीन सेकंद गेले. तो हिस्सा वाचवायला फुप्फुसं मोठी लागत नाहीत. दोन्ही पायांनी अडथळा घेता यायला लागतो, गर्दीत दिसायच्या आधी अंतराचा अंदाज लागतो, आणि हे ताज्या पायांनी शेकडो वेळा सावकाश करून बघावं लागतं. बर्मिंगहॅमला साबळे पहिल्यापेक्षा किती मागे होता? ०.०५ सेकंद. १९९४ नंतर त्या स्पर्धेत या प्रकारातलं पदक केनियाबाहेर कोणालाही गेलं नव्हतं. एवढ्या पातळीवर सगळेच मेहनती असतात. तिथे फरक पडतो तो तयारीचा.

हे नवीन नाही. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांच्या मेहनतीला कोण नाव ठेवणार? तालमीतल्या मातीत घडलेलं शरीर. पण तिथे कुस्ती मॅटवर, नियम वेगळे, गुण वेगळे. तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं आणि ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी त्या वेगळ्या कुस्तीची तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत एक लांबलेली कुस्ती संपल्यावर त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं. मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो सांगायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. मला ही गोष्ट आठवली की आजही वाईट वाटतं. खेळाडूने आपली तयारी चोख केली होती, त्याच्या मागे उभं राहणाऱ्यांनी केली नव्हती. आईवडील आणि प्रशिक्षक म्हणून आपण त्या मागे उभं राहणाऱ्यांत येतो.

आता जन्मजात काय आणि किती, हा तुमचा दुसरा प्रश्न. जन्मजात फरक असतो. एकाच सरावाला एक मूल पटकन प्रतिसाद देतं, दुसरं सावकाश, आणि हे मी दर वर्षी बघते. पण पंधराव्या वर्षी तो फरक ओळखता येतो असं जो छातीठोक सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. या वयात मुलींचं शरीर बदलत असतं. उंची, वजन, कंबर, पावलाची लांबी, सगळं. बाराव्या-तेराव्या वर्षी वाऱ्यासारखी पळणारी मुलगी चौदा ते सोळामध्ये वर्ष-दीड वर्ष जागच्या जागी राहते, आणि मग नव्या शरीरात रुळली की पुन्हा सुधारते. कितीतरी मुली नेमक्या त्या दीड वर्षात खेळ सोडतात, कारण घरचे आणि प्रशिक्षक म्हणतात आता हिच्यात काही राहिलं नाही. ती दुसरी मुलगी कदाचित या टप्प्यातून आधीच बाहेर पडली असेल. कदाचित तिच्या चार दिवसांत दोन दिवस खरंच कडक आणि दोन खरंच हलके असतील. तुम्हाला तिचे फक्त दिवस दिसतात.

सर्वात आधी करायचं काम मात्र पळण्याचं नाहीच. तिचं रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, आणि जमलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या वर. पळणाऱ्या मुलीचं लोह घामातून आणि पाळीतून जातं आणि टाच जमिनीवर आपटूनही थोडं रक्त नासतं. प्राणवायू वाहणारंच कमी असेल तर फुप्फुसं आणि पाय कितीही चांगले असोत, शेवटच्या ४०० मीटरला पाय शिशाचे होतात. माझ्याकडच्या एका मुलीला सगळे आळशी म्हणत होते. तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी चार महिने औषध दिलं, सराव आम्ही उलट कमी केला, आणि तिचं १५०० चं टायमिंग १४ सेकंदांनी सुधारलं. गोळ्या मात्र तपासणीशिवाय मनाने देऊ नका, लोह जास्त झालं तरी त्रास होतो. घरातलं सांगायचं तर बाजरीची भाकरी, पालेभाज्या, डाळी, शेंगदाणा-गूळ, हळिवाचे लाडू, चालत असेल तर अंडी आणि मटण. जेवणावर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. एवढा एक बदल फुकट आहे.

आणि पाळीबद्दल तिच्या आईने तिच्याशी मोकळेपणाने बोलावं. तीन महिने पाळी आली नाही तर ते मेहनत चांगली चालल्याचं लक्षण नाही. असं म्हणणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत आणि ते घातक आहे. बहुतेक वेळा पळण्याच्या मानाने खाणं कमी पडत असतं, आणि मग हाडंही ठिसूळ होऊ लागतात. डॉक्टरांकडे जायचं, त्यात लाज नाही.

आता आठवडा कसा असावा. सात दिवसांचे पाच करा, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ नको. सोमवारी आराम. मंगळवारी कडक सराव: चांगला वॉर्मअप, मग ४०० मीटरचे सहा राऊंड, प्रत्येक ८४-८५ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं हळू जॉगिंग. ५:२० च्या टायमिंगला ४०० मीटरची एक फेरी साधारण ८५ सेकंदांची येते, म्हणून हा आकडा. पहिला राऊंड ७८ मध्ये मारून शेवटचा ९२ मध्ये नको, सहाही सारखे पाहिजेत. बुधवारी अर्धा तास बोलत-बोलत पळणं, भरतीच्या बॅचपासून लांब, हवं तर बांधावरून किंवा मातीच्या रस्त्याने. गुरुवारी पळणं नाही, घरातच अर्धा तास ताकदीचा व्यायाम: बैठका, एका पायावर उठबस, पोटऱ्यांसाठी पायरीवर टाचा उचलणं, पोट-पाठीचं काम. शुक्रवारी चढावर ६० ते ८० मीटरच्या आठ जोरकस धावा, चालत खाली यायचं. शनिवारी अर्धा तास हलकं. रविवारी आठ किलोमीटर सावकाश. दर चौथ्या आठवड्यात हे सगळं एक तृतीयांशाने कमी. वाचताना तुम्हाला हे थोडं वाटेल, मला माहीत आहे. आठ आठवडे एवढंच करा.

झोप नऊ तासांच्या जवळ हवी. पहाटे पाचला उठायचं तर रात्री आठला झोपणार का? घरात टीव्ही आणि मोबाईल चालू असताना ते होत नाही. मग सराव संध्याकाळी घ्या. पहाटेच पळावं असा काही नियम नाही. तिला एक वही द्या. रोज उठल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी, झोपेचे तास, काय पळाली, कसं वाटलं, आणि कुठे दुखतंय का. नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने वाढलेली दोन दिवस दिसली तर कडक सराव पुढे ढकलायचा. ही वही तिने लिहायची, तुम्ही नाही. स्वतःचा वाफसा तिला स्वतः ओळखता आला पाहिजे.

राहिली एक गोष्ट, आणि ती एक मीटरही जास्त न पळता करता येते. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओवर मी घड्याळ लावून पाहिलं. पहिले ३०० मीटर तिने ५६ सेकंदांत काढले. पुढची फेरी ८५, तिच्या पुढची ९०, शेवटची ८९. बेरीज ५:२०. म्हणजे ती सुटली जवळपास ४:४० च्या चालीने आणि उरलेली शर्यत त्याचं कर्ज फेडत पळाली. घोळक्यात पुढे राहण्यासाठी बहुतेक मुली असंच करतात, आणि सुटताना "पळ, पळ" म्हणून ओरडणारे आपणच असतो. सारख्या चालीने पळाली असती तर पहिले ३०० मीटर ६४ सेकंदांचे होतात. सुरुवातीला ती शेवटच्या दोन-तिघींत असेल, तिला आणि तुम्हालाही भीती वाटेल. वाटू दे. आज तिच्या अंगात जेवढा दम आहे तेवढ्यावरच ती ५:१५ च्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. सरावात हे ३०० मीटर वेगळे काढून घ्या, आठवड्यातून एकदा, दोन-तीन वेळा, घड्याळ न बघता ६४ चा अंदाज यायला लागेपर्यंत.

पुढच्या स्पर्धेत तुम्ही शेवटच्या रेषेवर उभे राहू नका. ३०० मीटर पूर्ण होतात तिथे थांबा, घड्याळ बघा, आणि आकडा ६३ ते ६५ मध्ये असेल तर तिला फक्त "बरोबर आहे" एवढंच सांगा. चारही आकडे, रक्ताचा अहवाल आणि आठ आठवड्यांची वही मला पाठवा, मग पुढचं ठरवू.